न खाणाऱ्या मुक्या रुग्णाची शुश्रूषा
(कोरेगाव येथे वर्षावास व्याख्यानमालेत अभ्यासिका गटातर्फे दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या विषयाचे नाव छापून आले तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला थांबवून विचारले, की हे चुकून तर छापले नाही ना? गेल्या रविवारी याच जागेवरून राज्यघटनेवर बोलणे झाले, पुढच्या रविवारी शिष्यवृत्तीच्या अर्जांवर होणार आहे, आणि मधल्या रविवारी आजारी कुत्रे! आम्ही त्यांना एवढेच सांगितले की चूक नाही, विषय विद्यार्थ्यांनीच मागितला आहे. ज्या मुलांनी गेल्या पावसाळ्यात चार रात्री आळीपाळीने जागून एका कुत्र्याला चमच्याने पाणी पाजले, त्यांना आपण काय केले, काय चुकले आणि पुन्हा वेळ आली तर काय करावे, हे नीट मांडून हवे होते. म्हणून आम्ही आज उभे आहोत. आम्ही डॉक्टर नाही. जे सांगणार आहोत ते पशुवैद्यक डॉक्टरांनी शिकवलेले, पुस्तकात पडताळून पाहिलेले आणि स्वतः चुकून शिकलेले आहे.

वाघ्याला आपण सगळे ओळखता. आपल्या तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या घेवड्याच्या दाण्यावर जसे तांबडे पट्टे असतात तसे या कुत्र्याच्या अंगावर आहेत, म्हणून मुलांनी नाव ठेवले. ऊसतोडीच्या टोळीबरोबर तो आला. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर निघून गेला आणि हा मागे राहिला. अभ्यासिकेच्या पडवीत, चपलांच्या शेजारी त्याची जागा. रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलींना घरापर्यंत पोचवून परत येणे हे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले होते, त्यासाठी कुठल्याही सभेचा ठराव झालेला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी संध्याकाळी त्याने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवले. आमच्यापैकी एकाने म्हटले, ‘कुठंतरी जेवून आला असेल.’ गुरुवारी दिवसभर काही खाल्ले नाही, थोडे पाणी तेवढे प्याला. तेव्हा म्हटले, ‘कुत्र्याची जात, एखादा दिवस लंघन करते आणि आपोआप बरी होते.’ यात अगदीच खोटे आहे असे नाही. धडधाकट मोठे कुत्रे एक दिवस जेवले नाही तर लगेच धोका नसतो. पण शुक्रवारी त्याने पाण्याकडेही पाहिले नाही आणि आम्ही मात्र कालच्याच वाक्यावर विसंबून राहिलो. आमची पहिली चूक ही. अन्नाला एक दिवसाची सवलत आहे, पाण्याला नाही. मोठे कुत्रे दिवसभर थेंबभर पाणी प्यायले नाही, किंवा न खाण्याबरोबर उलट्या, हगवण, धाप, ताप यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू असेल तर तेवढीही वाट पाहायची नाही. पिल्लाच्या अंगात साठा नसतो, अर्धा दिवस उपाशी राहिले तरी रक्तातली साखर उतरून ते थरथर कापू लागते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी बोटाने चोळायचे आणि तसेच उचलून दवाखान्यात न्यायचे.

शुक्रवारी रात्री दुसरी चूक झाली, आणि ती मायेपोटी झाली. कोणीतरी घरून गरम दूध आणले. एकाने जबडा उघडून धरला, दुसऱ्याने मान वर केली, तिसऱ्याने बाटलीने दूध ओतले. वाघ्या ठसकला, नाकातून दूध आले, आणि कितीतरी वेळ खोकत राहिला. अशक्त जनावराची गिळण्याची शक्ती कमी झालेली असते. मान वर करून ओतलेला पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसाला सूज येते. मूळ आजारातून वाचलेले कुत्रे या पाजण्याने दगावू शकते. शिवाय पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचतच नाही, जुलाब होतात आणि अंगातले उरलेसुरले पाणीही जाते. दूध देणाऱ्या माउलीला आम्ही तेव्हा काही बोललो नाही, आजही बोलत नाही. तिने जे स्वतःच्या लेकराला दिले असते तेच दिले.

आता जरा मागे जाऊन एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्यामुळेच शुक्रवारी रात्री आमच्यातल्या एकाने ओरडून सगळ्यांचे हात बाजूला केले.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीत एक काळे कुत्रे आले होते. खात नव्हते, पीत नव्हते. तोंडातून लाळ गळत होती, खालचा जबडा लोंबत होता, आवाज घोगरा झाला होता. अंगावर मात्र येत नव्हते, कोपऱ्यात गरीब होऊन बसायचे. सर्वांनी निदान केले की घशात हाड अडकले आहे. एका धीट मुलाने, तो तेव्हा सहावीत होता, हाड काढण्यासाठी तोंडात हात घातला. हाड नव्हते. बोटावर दाताचा बारीक ओरखडा उठला. तिसऱ्या दिवशी कुत्रे मेले. डॉक्टरांनी लक्षणे ऐकली आणि मुलाला तातडीने लस घ्यायला पाठवले.

मित्रहो, पिसाळलेले कुत्रे म्हटले की आपल्यासमोर तोंडाला फेस आलेले, दिसेल त्याला चावत सुटलेले जनावर उभे राहते. रेबीजचे ते एक रूप झाले. दुसरे रूप मुके असते. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, कुत्र्याला गिळता येत नाही, म्हणून ते खात-पीत नाही आणि लाळ गळते. पाण्याची भीती वाटणे हे रेबीज झालेल्या माणसाचे लक्षण आहे. कुत्रे पाण्याजवळ जाईल, तोंडही घालील, पण पाणी आत जाणार नाही. तेव्हा ‘हे पाण्याला भीत नाही, म्हणजे पिसाळलेले नाही’ हा आपल्याकडचा हिशेब चुकीचा आहे आणि या हिशेबाने माणसे मरतात. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, चाल झोकांड्या खाते आहे, किंवा नेहमीचा स्वभाव एकाएकी पालटला आहे, यांपैकी काही दिसले तर तोंडात हात घालायचा नाही, पाजायचे नाही, मुलांना जवळ जाऊ द्यायचे नाही. शक्य असेल तर एखाद्या बंद जागेत त्याला एकटे राहू द्यायचे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे.

चावा, ओरखडा, जखमेवर लाळ, काहीही झाले तर पहिले औषध म्हणजे नळाचे वाहते पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटे. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. मग सरकारी दवाखाना. लशीचे सर्व डोस ठरलेल्या तारखांना घ्यायचे. जखमेतून रक्त आले असेल किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली असेल तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. ते आपण होऊन विचारायचे. पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो वाचला. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र आजही माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आपला सहावीतला मुलगा सर्व डोस घेऊन ठणठणीत राहिला. शुक्रवारी रात्री ओरडून आमचे हात बाजूला करणारा तोच. आज तो अकरावीत आहे आणि मागच्या रांगेत तोंड लपवून बसला आहे.

वाघ्याचे सुदैव की त्याचा जबडा नीट मिटत होता, लाळ गळत नव्हती, आणि डॉक्टरांच्या एका शिबिरात त्याला रेबीजची लस टोचलेली होती. मुलाने आम्हाला आधी हे तपासायला लावले. तपासायच्या वेळी आम्ही जबड्याला बाहेरूनच पाहिले, पण दूध पाजताना मात्र सगळ्यांची बोटे त्याच्या दातांपाशी होती. क्रम उलटा झाला होता.

शनिवारी सकाळी पोत्यावर निजवून, चौघांनी चार टोके धरून त्याला दवाखान्यात नेले. आपल्याकडे अजून ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात, त्यामुळे कुत्रे तिथे न्यायचे असते हेच पुष्कळांना माहीत नसते. आपल्या जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या तपासण्या, शस्त्रक्रिया यांसाठी तिथे नेता येते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. तो अभ्यासिकेच्या दारामागे लिहून ठेवला आहे.

डॉक्टरांनी आधी आम्हालाच प्रश्न विचारले. शेवटचे कधी खाल्ले? पाणी कधी प्याला? लघवी केव्हा झाली, रंग कसा? उलटी झाली का, तिच्यात काय होते? आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो. कुत्र्याबरोबर दिवसभर असणारे आम्ही सहाजण, पण एकालाही लघवीचा रंग सांगता येईना. मग त्यांनी एकेक गोष्ट हाताने करून दाखवली. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडायची. अंगात पाणी असेल तर ती तत्काळ जागेवर जाते, वाघ्याची तंबूसारखी उभी राहिली. ओठ वर करून हिरडीला बोट लावायचे, ती ओलसर आणि गुळगुळीत असली पाहिजे, त्याची चिकट होती. हिरडी दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. वाघ्याची हिरडी मुळातच इतकी फिकट होती की ठिपका ओळखू येईना. कातडी उशिरा बसू लागते तेव्हा वजनाच्या सुमारे शेकडा पाच इतके पाणी गेलेले असते. शेकडा दहा-बारा गेले की डोळे खोल जातात आणि पाय गार पडतात. त्यापुढे फार काळ उरत नाही.

थर्मामीटर गुदद्वारात लावला. १०४ च्या वर ताप. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ असतो, तेव्हा अंग हाताला गरम लागले म्हणून घाबरायचे नाही, आणि नाक कोरडे आहे की ओले यावरून तर काहीच ठरवायचे नाही. मग त्यांनी कान उलटून दाखवले. आत गोचिडे द्राक्षाच्या घोसासारखी. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहिला आणि सांगितले, गोचिडांचा ताप. गोचीड रक्त पिताना बारीक जंतू आत सोडते, ते रक्तपेशींवर हल्ला करतात, रक्त कमी होते, ताप चढतो, आणि अन्नावरची वासनाच जाते.

इथे एक फरक त्यांनी समजावला तो विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. कुत्रे खात नाही म्हणजे त्याला नको आहे, की हवे आहे पण जमत नाही? भांड्यापाशी येते, हुंगते, तोंड घालते आणि कण्हून मागे सरते, तर दात, जीभ, घसा पाहायचा. भांड्याकडे पाहतही नाही, तर आजार पोटात किंवा रक्तात आहे. लस न टोचलेले पिल्लू, उलट्या आणि रक्ताची घाण वासाची हगवण, तर बहुधा पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगाला माहीत झाला आणि अजून त्याला मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन देऊन पिल्लाला तगवायचे असते, लढाई ते स्वतः लढते. पिल्ले होणे बंद न केलेली वयस्क कुत्री, माजावर येऊन महिना-दोन महिने झाले, जेवण सोडले पण पाणी मात्र ढसाढसा पिते, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि ती तातडीची शस्त्रक्रिया असते. म्हातारे कुत्रे हळूहळू वाळत चालले, तोंडाला उग्र वास, तर मूत्रपिंडे. पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येतात, तर तासही घालवायचा नाही.

आणि घरातल्या गोळ्या द्यायच्या नाहीत. आपल्याकडे ताप म्हटला की डोकेदुखीच्या गोळीचा तुकडा भाकरीत घालून देतात. माणसाची पॅरासिटामॉल कुत्र्याचे यकृत आणि रक्त बिघडवू शकते, आयबुप्रोफेन पोटात जखमा करते आणि मूत्रपिंडे निकामी करते. शुक्रवारी रात्री अशी एक गोळी आमच्या खिशातही होती, हे कबूल करून टाकलेले बरे.

वाघ्याला सलाईन लावले, काही कातडीखाली दिले, गोचिडे काढली, डॉक्सिसायक्लिन सुरू केले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून डॉक्टरांनी घरची शुश्रूषा शिकवून पाठवले. वाघ्याचे वजन बारा किलो. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण पन्नास ते साठ मिलीलिटर पाणी लागते, म्हणजे त्याला सहाशे ते सातशे. उलटी होत नव्हती म्हणून तोंडाने द्यायला परवानगी मिळाली. जलसंजीवनीचे पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचे. बिनसुईची सिरिंज किंवा चमचा. कुत्र्याला पोटावर, डोके सरळ ठेवून बसवायचे. आ करायचा नाही. ओठाच्या कोपऱ्यात, गाल आणि दात यांच्या मधल्या फटीत थोडेसे सोडायचे, गिळताना पाहायचे, मगच पुढचे. एका वेळी दोन चमचे, म्हणजे दहा मिलीलिटर. पंधरा मिनिटांनी पुन्हा. तासाला चाळीस झाले, पंधरा-सोळा तासांत दिवसाची गरज भागते. एकदम वाटीभर दिले तर उलटून पडेल आणि होते तेही जाईल.

ही जलसंजीवनी साधी वस्तू वाटते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि प्यायला लावले. हजारो माणसे त्या पाण्यावर वाचली. डॉक्टर २०२२ साली गेले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. लक्षात घ्यावे की तिथेही पाजणारे हात आई-बापांचे आणि भावंडांचे होते. परिचारिका पुरणार नव्हत्या.

मुलांनी एक जुनी शंभर पानी वही काढली. वेळ, किती पाणी, लघवी, ताप, सही. दोघांची पाळी तीन तासांची. ‘रात्री ११.१५, दोन चमचे, गिळले.’ ‘११.३०, एक चमचा, दुसरा थुंकला.’ ‘१.००, शेपटी हलवली.’ यातली शेवटची नोंद वैद्यकीय नाही, पण आम्ही खोडली नाही. अभ्यासिकेत एवढा नेमाने अभ्यास झाला असता तर, असे एका पालकांनी ऐकवले. तेही आम्ही ऐकून घेतले.

याच वेळी आमच्या संस्थेचे एक ज्येष्ठ, त्यांना सगळे तात्या म्हणतात, पडवीत येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “आमच्या आज्याला ह्या भागात वरनं पानी वाढायची. घोटभर पान्यासाठी तास तास हुभं ऱ्हायला लागायचं. तवा कुणी सलाईन लावलं न्हाई. आन् तुमी कुत्र्याला लावताय!”

आम्ही गप्प झालो. याला चटकन उत्तर देणे म्हणजे तात्यांच्या आज्याचा अपमान झाला असता. तात्यांचे म्हणणे खोटे नाही. १९०१ साली नऊ वर्षांचे बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघून मसूर स्टेशनवर उतरले. आपल्या कोरेगाव स्टेशनवरून जाते तीच ही पुणे-मिरज लाईन. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते, तिथे तलावाचे खोदकाम चालले होते. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाड्याने एक मिळाला, तोही पायी चालणार आणि मुलांनी गाडी हाकायची. रात्री टोलनाक्यावर बैल सोडले. जवळ पोटभर जेवण होते. पण पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. मुले भरल्या डब्यासह उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडला सत्याग्रह झाला तो कोणत्या तळ्यावर? जिथे गुरे-कुत्रीही पाणी पीत होती, पण आपल्या माणसाला ओंजळ बुडवता येत नव्हती. म्हणजे कुत्र्याची आणि आपली तुलना आपण काढलेली नाही, ती त्या व्यवस्थेने काढली होती आणि कुत्र्याला वर ठेवले होते. तात्यांना कुत्र्याच्या तोंडाजवळ चमचा पाहून राग येणारच.

अकरावीतला तो मुलगा मात्र हळूच म्हणाला, “तात्या, त्याला पाणी बंद करणारा तो कुत्रा नव्हता की.” तात्या काही न बोलता निघून गेले. ते पटले म्हणून गेले की रागावून गेले, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाच्या हाती पाचशे रुपये पाठवले, आणि निरोप असा की हे कुत्र्यासाठी नाहीत, पोरांना काही चावले-ओरबाडले तर गाडीभाड्याला ठेवा. आम्ही ते त्याच कामासाठी वेगळे ठेवले आहेत.

विनयपिटकातील एक प्रसंग या निमित्ताने आम्ही मुलांना वाचून दाखवला. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. भगवंतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून करीत नाहीत. तेव्हा स्वतः तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, हा उपदेश त्यानंतरचा. तो सर्वांना माहीत असतो. त्याच्या पुढचा भाग कमी वाचला जातो. तिथे शुश्रूषा करायला अवघड रुग्ण कोणता हे सांगितले आहे: जो पथ्य पाळीत नाही, प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, दुखणे वाढले की उतरले ते सांगत नाही आणि वेदना सोशीत नाही. मुले हसू लागली, कारण शेवटचे सोडले तर हे वाघ्याचेच वर्णन होते. आणि चांगला शुश्रूषक कोण? ज्याला औषध तयार करता येते, हितकर काय अहितकर काय ते कळते, जो लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, मलमूत्र-वांती काढण्याची किळस मानीत नाही, आणि रुग्णाला धीर देतो. आम्ही शुक्रवारी तिसऱ्या गुणात उत्तीर्ण आणि दुसऱ्यात नापास होतो. अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचे कोरले, त्यातही दोन्हींचा उल्लेख एका दमात आहे. आणि साताऱ्याला जाताना माहुलीच्या संगमावर शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, ती किती जणांनी थांबून पाहिली आहे?

रविवारी ताप उतरू लागला. खाणे मात्र नाही. इथे आम्ही घाई केली नाही. मऊ शिजवलेला भात, त्यावर बिनमिठाचे, बिनमसाल्याचे कोंबडीचे उकळलेले पाणी. कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात, आणि याचे तर रक्तच कमी झाले होते. अन्न कोमट करून ठेवायचे म्हणजे वास येतो. आजारी कुत्रे आधी नाकाने जेवते. दहा मिनिटांनी भांडे उचलून न्यायचे. सतत नाकाशी धरलेले अन्न त्याला नकोसे होते, आणि सभोवती दहा पोरे टक लावून बसली तर निरोगी कुत्रेही जेवणार नाही. म्हणून पाळीच्या दोघांखेरीज सर्वांना बाहेर काढले. लहान मुले खिडकीला लटकून राहिली, तिथे आमचा इलाज चालला नाही.

एक गोष्ट कठीण आहे, पण बोलली पाहिजे. प्रत्येक कुत्रे उठत नाही. आमच्यापैकी एकाच्या घरच्या चौदा वर्षांच्या कुत्रीची मूत्रपिंडे गेली होती. डॉक्टरांनी सांगितले की आता जबरीने पाजणे म्हणजे तिचे हाल लांबवणे आहे. तेव्हा ओल्या फडक्याने ओठ पुसणे, कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे एवढेच उरले. पुढे वेदना असह्य झाल्यावर डॉक्टरांच्या हातून तिला शांत मरण देण्याचा निर्णय त्या घराने घेतला. पहिल्या शीलाचे काय, असे त्यांना विचारले गेले. आम्ही त्या घराला दोष देत नाही. पण हा निर्णय डॉक्टरांनी तपासल्याशिवाय, नुसते ‘आता काही खरे नाही’ म्हणून कोणी घेऊ नये, आणि मरायला टाकलेले कुत्रे नदीकाठी सोडून येणे याला तर आम्ही निर्णयच म्हणत नाही.

वाघ्याचे पुढे काय झाले ते वहीत आहे. सोमवारी पहाटे ४.४०. पाळीवरची दोन मुले पेंगत होती. पडवीच्या कडेला पाय धुवायच्या नळाखाली थोडे पाणी साचले होते. वाघ्या उठला, भिंतीला धरून धरून तिथपर्यंत गेला, आणि लपालपा प्याला. उकळून गार केलेले, मोजून ठेवलेले लिटरभर पाणी बाजूला तसेच होते. मुलांनी आम्हाला फोन करून उठवले. मंगळवारी त्याने चार घास भात खाल्ला, गुरुवारी भाकरी. औषध पुढे पूर्ण मुदतीपर्यंत, जवळजवळ महिनाभर चालले, कारण बरे वाटले म्हणून गोळ्या मधेच सोडल्या तर ताप परत येतो असे डॉक्टरांनी बजावले होते. पडवी फिनेलने धुऊन फटींतली गोचिडे मारली. ती मारताना पहिल्या शीलाचा प्रश्न एका विद्यार्थ्याने काढला होता, त्यावर पुढे कोणीतरी स्वतंत्र बोलावे.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता याच पडवीत वस्तीतल्या सर्व कुत्र्यांना रेबीजची लस टोचली जाईल. ज्यांची स्वतःची कुत्री आहेत त्यांनी दोरी बांधून आणावीत. मोकळ्या कुत्र्यांसाठी धरणारे चारजण लागतील, नावे आजच द्यावीत. वही कपाटात दुसऱ्या फळीवर आहे, पाहायची असेल त्यांनी मागून घ्यावी.